तीन तास पुरेल अशी गोष्ट

मी आधीच सांगून मोकळा झालो, की आज जे सांगणार आहे ते तुमच्यातल्या एकीलाही खरं वाटायचं नाही, आणि वाटलंच तर ह्याच धुऱ्याची माती माझ्या तोंडात घाला. बाया मान न उचलता हसल्या. टोळीची मुकादमीण रुक्मिणीबाई म्हणाली, "बुवा, तुमच्या तोंडात माती घालत बसलो तं निंदन कवा होईन? सांगा, हात चालू द्या."

किसनरावाचं सोयाबीन तणात बुडालं होतं. आठवडाभराची झड नुकती उघडली होती, पण आभाळ काही हललं नव्हतं, भिजलेल्या घोंगडीसारखं अंगावर आलं होतं. काळी माती तळव्याला दुसऱ्या चपलेसारखी चिकटत होती. खुरप्याचं पातं दर हातभर अंतरावर बोटानं निपटावं लागत होतं. टोळी जानेफळची, गुत्त्यावर, ठरल्या रकमेत, आलेली. जेवढं लवकर आटपेल तेवढं त्यांच्या फायद्याचं. म्हणून किसनरावानंच मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोतं टाकून बसवलं होतं. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे, शंकरबुवा बोलायला लागला की निंदायची ओळ, पात, कधी सरली ते बाईला कळत नाही. म्हातारा खोटारडा आहे, पण कमरेला आराम पाडतो, असं म्हणतात. बदल्यात दुपारची भाकर आणि तंबाखूची चिमूट.

अगदी कडेच्या पातीवर तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक पोट्टी होती, आमच्या गावाकडची. खुरप्याची आणि तिच्या हाताची अजून पुरती ओळख झाली नव्हती. इतर बायांच्या ती दोन पावलं मागंच राहत होती. सकाळी रुक्मिणीबाईनं विचारलं होतं, ही कोणाची. मी म्हणालो, दूरची आहे, फार बोलत नाही. पोट्टीनं ते ऐकलं आणि पुढं जाऊन पात धरली.

आधी मी मोटेच्या बैलाचं सांगितलं. ते गिळलं की पुढचं उतरायला सोपं जातं. मी तरणा होतो तेव्हाची गोष्ट. मोट हाकताना लोक गाणी म्हणत. मला गळा नव्हता, म्हणून मी गोष्टी सांगे. आमचा पवळ्या गोष्टीला असा लागला, की मी बोललो की चाले आणि थांबलो की थांबे. एक दिवस गोष्ट ऐन भरात असताना मला विंचू चावला. लोकांनी उचलून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर पवळ्या विहिरीच्या उतरत्या धावेच्या मध्यावर तसाच उभा. मोट भरलेली, अर्ध्या विहिरीत लटकलेली. नाडा ताठ, खांदा सुजून कोहळ्याएवढा झालेला. पुढ्यात कोणी कडबा टाकला होता, त्याला तोंड लावलेलं नाही. त्याच्या जोडीदाराला बसायचं होतं, पण याच्यापायी तोही बिचारा उभाच. मी धाप टाकत गोष्टीचा शेवट सांगितला तेव्हा कुठं पवळ्यानं पाऊल उचललं.

बाया हसल्या. रुक्मिणीबाई म्हणाली, बैल गुणाचा होता, मालकच तसला निघाला.

पण आजची गोष्ट बैलाची नाही, मी म्हणालो. माझ्या नातीची आहे. संजीवनीची.

ती माझ्या दीपकची पोरगी. दीपक पुण्याकडे एका कंपनीच्या गेटवर उभा असतो, सणाला येतो, दोन दिवस झोपतो आणि जातो. घर चालवते माझी सून, गीताबाई. संजीवनीनं डॉक्टरीच्या परीक्षेला बसावं हे शाळेतल्या मास्तरांनी ठरवलं, आणि एकदा ठरल्यावर आमच्या घरात ते कोणी मोडलं नाही. पहिल्या खेपेला ती गेली आणि पडून आली. येत नव्हतं म्हणून नाही. घरी विचारा, बेडकाच्या काळजाला खण किती आणि माणसाच्या किती, चुलीपुढं बसून सांगे. पण तो पेपर तीन तासांचा. निम्मा वेळ सरला की तिचं डोकं खाली बसे. मला म्हणाली, आबा, डिझेल इंजिनानं हवा धरली की कसं होते, तसं. चाक फिरते, पाणी येत नाही. एकच प्रश्न वाचत बसली, वाचत बसली, आणि गुळावरच्या मुंग्यांसारखी अक्षरं कागदावर चालायला लागली.

 गीताबाई आठवडी बाजारात गेली तेव्हा तिनं लोहाराकडून एक खुरपं करून आणलं, संजीवनीच्या पंजाच्या मापाची मूठ बसवून. आणून ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं.

"एक डाव अजून बस," ती म्हणाली. "नाई झालं तं हे आहे."

रागावून नाही म्हणाली. पाऊस नाही आला तर टाक्यातलं पाणी आहे, असं म्हणावं तसं. फक्त कोनाडा पोरीच्या अभ्यासाच्या जागेसमोर होता, मान वर केली की खुरपं दिसे.

त्या साली पावसानं जाता जाता आमचं सोयाबीन उभ्या झाडावर उगवून टाकलं. शेंगेतून कोंब बाहेर, वास असा की गायही तोंड फिरवी. शेतात काही उरलं नाही, म्हणून उन्हाळ्यात गीताबाईनं चिंच फोडायचं काम घरी आणलं. मेहकरचा गफ्फार चिंचेचा व्यापारी. त्याचा छोटा हत्ती टेम्पो दारात येई, पोती टाकी, फोडून साफ केलेली चिंच घेऊन जाई. अंगणातल्या कडुनिंबाखाली गल्लीतल्या बाया बसत. दगडावर चिंच, हातात लाकडी ठोकणी, टरफल एकीकडे, चिंचोका एकीकडे. बोटं काळी पडत, भेगांत आंबट शिरून चुरचुरत. आणि मध्ये खाटेवर मी. हात नीट चालत नाहीत माझे, तोंड चालतं.

मेहकरलाच संघपाल सरांची अभ्यासिका आहे. गफ्फार गाडीतून संजीवनीला तिकडे सोडी. सर समजूतदार माणूस. त्यांनी तिला सांगितलं, की डोकं पाठीसारखंच असतं, पहिल्याच दिवशी क्विंटल चढवला की मोडतं. आधी अर्धा तास न उठता बसायचं, मग तास, मग दोन. परीक्षा दुपारी असते तर बसायचंही दुपारीच, भर उन्हात, जेवून, जेव्हा अंग म्हणतं की आता लोळावं. पाणी नाही, फोन नाही, खिडकीबाहेर पाहणं नाही. आणि मन कुठं भटकलं की ओढत आणायचं, मारायचं नाही. कागदाच्या कडेला फक्त एक टिंब द्यायचं. पेपर झाला की टिंबं पाहायची. रोज टिंबं कमी व्हायला पाहिजेत, बस एवढंच.

अभ्यासिकेत तिचा कागद तिळगुळासारखा दिसे, इतकी टिंबं. तिथली शांतता तिला सोसेना. पंखा फिरतो तेवढाच आवाज, आणि चाळीस पोरं खाली मान घालून. ती म्हणे, मले असं वाटते सगळे माझी वाट पाहून राह्यले. मग एक दिवस गफ्फारची गाडी बिघडली आणि तिला घरीच बसावं लागलं. ओसरीत, पेटीवर कागद ठेवून. अंगणात ठोकण्यांचा ठकठकाट, बायांची खसखस, आणि माझी गोष्ट चालू. उन्हं कलली, बायांनी पदर झटकले, तेव्हा मी वळून पाहिलं. पोट्टीनं मान वर केली नव्हती. पाठीवरून घाम वाहून परकराचा नेफा भिजला होता. कागदाची कड कोरी. एक टिंब नाही.

ती म्हणाली, तुम्ही काय सांगत होते ते मले ठाऊक नाई, आबा. पण तुम्ही सांगत होते म्हणून बसली.

ऐकता का, मी बायांना म्हणालो. डॉक्टरीच्या पेपरची पोर, आणि तिची बैठक जमली ती माझ्या जिभेवर. झोळीत होती तेव्हापासून माझ्या आवाजात झोपली, उठली, जेवली. तो आवाज तिच्या डोक्याखालची उशी झाला होता.  कडेच्या पातीवर ओढणीवाल्या पोट्टीचं खुरपं कुठल्या तरी धसकटात अडकलं आणि तिनं ते सोडवलं.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिका बंद. दुपारी दोन ते पाच मी गोष्ट सांगायची, तिनं पेपर सोडवायचा. तीन तास पुरेल अशी गोष्ट म्हणजे काय थट्टा आहे? मी काठेवाड्याच्या उंटाची गोष्ट काढली. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन काठेवाडी येतात ना आपल्याकडे, त्यातल्या एकाचा उंट लोणारच्या खळग्याकाठी हरवला. काठेवाडी गावोगाव विचारत फिरतो, माझा उंट पाहिला का. दर गावात एक नवी भानगड. उंट मात्र पुढच्या गावात. या गोष्टीला शेवट नाही; मी असेपर्यंत पुरेल. दुपारच्या झळा ओसरीत यायच्या, लिंबाचा पाला करपल्यासारखा लोंबायचा, बायांच्या ठोकण्या पेंगायच्या, आणि मी जिभेखाली गुळाचा खडा ठेवून बोलतच राहायचो. स्टॅमिना म्हणतात तो पोरीचा किती वाढला देवाला ठाऊक, माझा वाढला. ज्या सुनेनं आजवर मला ताकाचं पाणी वाढलं, तीच आता घसा बसू नये म्हणून भातावर तूप सोडायला लागली. मी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली तर म्हणाली, "बोलायपुरतंच आहे, मामंजी."

मग एक दिवस संघपाल सर मोटरसायकलवरून आले. पोरगी येत का नाही ते पाहायला. ओसरीत उभे राहून त्यांनी तिचे कागद चाळले. कोऱ्या कडा पाहून माणूस खुलला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, आबा, जरा थांबता का.

मी थांबलो. मी थांबलो तशा बायांच्या ठोकण्याही थांबल्या. लिंबावर एक कावळा होता, तोही गप्प. संजीवनीनं मान वर केली. झोपेत पांघरूण ओढून घेतल्यावर माणूस पाहतो ना, तसं पाहिलं. पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका पसरतो आहे. तिला कळेना आपण कुठं आहोत. समोर कोनाडा होता, तिकडं तिची नजर गेली.

"आबा, तिथं तुमी नसाल," सर म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं.

मला वाटलं, माणूस जळतो. त्याच्या अभ्यासिकेत जे जमलं नाही ते माझ्या खाटेवर जमलं. ते सांगत होते, अजून वेळ आहे, रोज थोडा थोडा आवाज कमी करा, पोरीला शांततेत बसू द्या, टिंबं पडली तर पडू द्या. गीताबाई दारात उभी राहून ऐकत होती. हात चिंचेनं भरलेले, अंगापासून लांब धरलेले. तिनं एवढंच म्हटलं, "सर, बाईचा हात एकदा खुरप्यावर बसला का मंग तिचं खुरपं बदलत नाई. आता जे चालू आहे ते चालू राहू द्या."

निंदणाऱ्या बाईचा हिशेब असा असतो, आणि तो चुकीचा आहे असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू? रुक्मिणीबाई म्हणाली, बरोबर बोलली तुमची सून. इतर बायांनीही माना हलवल्या.

तरी सरांचं मन राखायचं म्हणून आम्ही करून पाहिलं. मी खाट उचलून गोठ्याशी नेली. मग गोठ्याच्या मागं. मग भिंतीपलीकडं. आवाज लांब लांब गेला तशी पोरीच्या कागदावर टिंबं उगवायला लागली, पेरल्यासारखी; पण पूर्वीइतकी नाही. दोन दिवस गेले, आणखी कमी झाली. जमत होतं म्हणा ना. पण भिंतीपलीकडून मला ती दिसत नव्हती. ती लिहिते का, पेंगते का, काय कळणार? आणि ऐकणारं दिसत नसलं की गोष्ट नुसती कोरडी होते. मी आपला आवाज जरा चढवला. उगाच पोरीचं नुकसान नको. मग आणखी चढवला. आठवडा संपायच्या आत माझी खाट पुन्हा लिंबाखाली आली.  संजीवनीला तर बरंच वाटलं असावं, त्या दिवशी कड पुन्हा कोरी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी उंट कुठं होता, सांगू? पूर आलेल्या नाल्याच्या काठावर. अलीकडं उंट, पलीकडं काठेवाडी. पाणी दोघांच्या मधून चाललेलं. मी तिथंच गोष्ट थांबवली. संध्याकाळी संजीवनी भाकरी थापता थापता म्हणाली, उद्याचं कसं करायचं आबा. मी म्हणालो, "तू आत बस. मी भिंतीबाहेर बसून सांगतो. उंट पाण्यात उतरते का नाई ते उद्याच कळन. तू फकस्त कान दे." गीताबाईनं ते ऐकलं. चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

बुलढाण्याला गफ्फारच घेऊन गेला, छोट्या हत्तीत, रिकाम्या पोत्यांवर बसवून. चिंचेचा वास आमच्या अंगात होताच, गाडीतही होता. चिखली सोडल्यावर ऊन असं तापलं की पत्र्याला टेकवत नव्हतं. शाळेच्या गेटवर मायबापांची ही गर्दी. पोरींना एका बाजूला घेऊन तिथल्या बाया तपासत होत्या. गळ्यातला काळा दोरा कापला. बाह्या पाहिल्या. केसांतली पिन काढली. मग त्यातल्या एकीनं संजीवनीच्या नाकाकडं बोट केलं. बारशाला घातलेली चमकी, कधी निघालीच नव्हती. संजीवनीनं फिरवली, निघेना. साबण लावला, निघेना. मागं पोरींची ओळ खोळंबली, कोणी तरी म्हणालं, काढा ना लवकर. शेवटी गीताबाईनं भर रस्त्यात पोरीचं डोकं काखेत धरलं आणि चमकीचा फिरकीचा भाग दातांनी मोडला. निघाली. रक्त ओठावर आलं. तपासणारी बाई म्हणाली, जा आता. संजीवनी मनगटानं ओठ पुसत आत गेली. आत जाता जाता वळली. आईकडं नाही, माझ्याकडं पाहिलं, आणि कानाला बोट लावलं. बघणाऱ्याला वाटलं असेल, खाजलं.

गेट बंद झालं. गीताबाई रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली बसली. त्याच झाडाची बारीक काडी मोडून तिनं दातानं साफ केली आणि पदराला बांधून ठेवली. पोरगी बाहेर आली की नाकात घालायला, भोक बुजू नये म्हणून. मोडकी चमकी मुठीत होती.

आता इथपर्यंत बायांचे हात हळू पडत आले होते. रुक्मिणीबाईनं विचारलं, "आन् तुमी? भिंतीबाहेर बसले?"

मी म्हणालो, बसलो म्हणजे काय. पण आधी जागा ऐका. भिंत दोन पुरुष उंच. भिंतीच्या आत मैदान, मैदानाच्या पलीकडं इमारत, आणि पोरीचा वर्ग वरच्या मजल्यावर. खिडक्या बंद. मागून खामगावचे ट्रक चाललेले.

"मंग कसं जमन?" एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती. मला तेच पाहिजे होतं.

मी गफ्फारला म्हणालो, गाडी भिंतीला लाव. त्याच्या खांद्यावर पाय देऊन टपावर चढलो. पत्रा तव्यासारखा, पायाची साल अजून दाखवीन. छातीत वारा भरून घेतला आणि सुरू केलं: तर उंट अलीकडं, काठेवाडी पलीकडं. पहिल्या वाक्याला रस्त्यावरच्या रसवंतीचा घुंगरू थांबला. दुसऱ्या वाक्याला ट्रक थांबले, ड्रायव्हर खाली उतरले. एक हवालदार काठी घेऊन आला. मला वाटलं, उतरवतो. तर त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, बाबा, पुढं काय झालं? वाऱ्यानं तोंड फिरवलं, मैदानाकडं. धुराळ्यासारखी माझी गोष्ट उठली आणि सरळ वरच्या मजल्याच्या खिडकीवर जाऊन थापा मारायला लागली. आतल्या साहेबानं खिडकी उघडली, रागावून, बंद कर म्हणायला. तोही उभा राहिला. आणि पोट्टी लिहीत होती. भौतिक, रसायन, जीव, सगळं. पेन असं चाललं की कागदाला ऊब आली. शेवटची घंटा व्हायला आणि मी ओरडायला एकच गाठ पडली, की उंट पाण्यात उतरला रे उतरला.

कोणाचंच खुरपं चालत नव्हतं. रुक्मिणीबाई उकिडवी बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून माझ्याकडं पाहत होती. किसनराव पाहता तर आम्हा सगळ्यांना शेताबाहेर काढता.

"मंग निकाल?" तिनं विचारलं.

लागला, मी म्हणालो. नागपूरले आहे आता. मोठ्या दवाखान्याच्या कॉलेजात. पांढरा कोट घालते. सुट्टीत घरी आली की गीताबाई तो कोट धुऊन दोरीवर घालते, आणि कोट वाळेपर्यंत आमच्या अंगणावरून चिमणीही उडत नाही.

"खरंच व्हय?" एक म्हातारी बाई म्हणाली. तिनं डोळ्यांना पदर लावला. "आपल्याकडची पोट्टी माय."

मी तंबाखूची चिमूट काढली. मळायला लागलो. कुठून तरी थेंब पडायला सुरुवात झाली होती, पुसटसे.

कडेच्या पातीवरची पोट्टी उठून उभी राहिली. तिनं तोंडावरची ओढणी खाली ओढली. नाकात चमकी नव्हती, कडुनिंबाची काडी होती, काळी पडलेली. रुक्मिणीबाईनं ती काडी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. पोट्टी माझ्याकडं पाहत नव्हती. खुरप्याच्या पात्यावरची माती ती अंगठ्यानं निपटत होती, हळू, टोकापर्यंत.

"उंट नाई उतरला, आबा," ती म्हणाली. "आवाजच आला नाई. मी पेन धरून वाट पाहत बसली."